चिकटवलेले अकरावे प्रकरण

मी, शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षे नोकरी केलेली, वय वर्षे बहात्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाबद्दल त्यांनी मौन पाळले, म्हणून लगेच मुद्द्यावर येते.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझ्या बहिणीच्या मुलाला मिळावी. तो आठव्या वर्षापासून माझ्याकडेच वाढला आणि त्याने मला कधी उलट उत्तर दिले नाही. दिले असते तर बरे झाले असते.

२. खळीचे भांडे व ब्रश फेकून द्यावेत. कारण नोंदवून ठेवते. मुलांना युद्ध समजावे म्हणून शाळेने एक गोष्टीचे पुस्तक लावले होते. छोटी बहीण, सैन्यात गेलेला दादा, बारा प्रकरणे. अकराव्यात दादा घरी परततो. बहिणीच्या हातून ताट पडते आणि एवढा मोठा दादा टेबलाखाली लपतो. मग दिवसचे दिवस बोलत नाही. बहिणीला वाटते, आपल्यामुळेच. बाराव्यात त्याची बँड लावून मिरवणूक निघते.

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, मुलांना युद्ध शिकवायचंय, घाबरवायचं नाही. अकरावं काढून टाका."

"पानं फाडायची नाहीत, असा आपलाच नियम आहे, सर."

"मग चिकटवा!"

मी नियम पाळणारी बाई. मैद्याची खळ करून एका दुपारी बत्तीस प्रती चिकटवल्या, एक सुरकुती पडू दिली नाही. मुले दहाव्यातल्या खंदकातून थेट बाराव्यातल्या बँडवर उतरू लागली. तपासणीत 'युद्धविषयक समज उत्तम' असा शेरा मिळाला. माझ्या भाच्याची समज तर इतकी उत्तम, की मोठेपणी तो सैन्यात भरती झाला.

युद्धावरून तो परतला. आता भिंतीला पाठ लावूनच बसतो. दार आपटले की अंगणात निघून जातो. एकदा चहा घेताना त्याने विचारले, "मावशी, अकरावं प्रकरण तू वाचलं होतंस?"

"हो."

"बरं," म्हणाला आणि कप विसळून ठेवला. त्या 'बरं'ची मला आजही लाज वाटते.

३. ती पुस्तके शाळेने रद्दीत काढली तेव्हा मी सगळी घरी आणली. केटलीच्या वाफेवर एकतीस प्रती सोडवल्या. तीस ओळखीच्या मुलांना वाटल्या. बत्तिसावी सोडवायचा धीर झाला नाही, तिच्या आतल्या देवघेवीच्या चिठ्ठीवर भाच्याचे नाव आहे. ती प्रत व केटली त्याच्या मुलीला, आमच्या नऊ वर्षांच्या भिंगरीला द्यावी. "मावशीआजी, बाबा माझ्यावर रागावलेत का गं?" असे ती दर रविवारी विचारते. मी नाही म्हणते. तिला पटत नाही.

अट एकच. पाने बापलेकीने मिळून सोडवावीत. केटली बापाने धरावी, वाफ भाजते. त्याच्याने वाचणे झाले नाही तर तिने मोठ्याने वाचावे. तो मध्येच उठला तर जाऊ द्यावे, पानात खूण घालावी आणि दार उघडे ठेवावे.

४. माझ्या काचेच्या कपाटावर निवृत्त मुख्याध्यापकांचा फार दिवसांपासून डोळा आहे. वकील सांगतात, साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून त्यांना आग्रहाने साक्षीला बोलावले आहे. कपाट समोरच्या शिंपिणीला द्यावे. ती त्यात चिंध्या कोंबणार हे मला ठाऊक आहे. एकतिसावी प्रत टेबलावर ठेवली आहे. सर आले की चहाआधी तीच त्यांच्या हातात देणार.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून यातले एकही पान चिकटवलेले नाही.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: १४ मार्च २०१९

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिला: डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरा: निवृत्त मुख्याध्यापक (सही, खाली त्यांच्याच अक्षरात)
अकरावे प्रकरण आज पहिल्यांदाच वाचले. कपाट नको.