हरण्याचं घोरणं

श्रावण शुद्ध १०, शके १८६२. चुडावा

सरकार-ए-आलीच्या, म्हणजे निजामाच्या, राज्यात प्रजेच्या पुष्कळ तक्रारी असतील. माझी एकच आहे आणि तीच सर्वांत गंभीर आहे — मला दुपारी झोपू दिलं जात नाही! शाळा सुटते, जेवण होतं, मी आडवा होतो, आणि भिंतीपलीकडून घोरणं सुरू होतं. शेजारचा किशनराव घोरत असता तर समजून घेतलं असतं. घोरतो त्याचा बैल. हरण्या. उभ्याने, जागेपणी, डोळे उघडे ठेवून घोरतो! ही तऱ्हा मी आजवर फक्त तालुक्याच्या कचेरीत पाहिली होती.

शुद्ध ११

कानात कापूस घातला. कापसातूनही ऐकू येतं.

शुद्ध १४

भांडायला म्हणून गेलो. किशनरावाची बायको, धुरपताबाई, पदराने हरण्याचं नाक पुसत होती. पदराला रक्त. "मास्तर, त्येला दमच पुरंना. वैरण तोंडात धरतो अन् तसाच उभा ऱ्हातो."

अमावस्येला पोळा. त्याआधी व्यंकटी येऊन डाग देणार. व्यंकटी म्हणजे गावातला जनावरांचा जाणता. दुखणं कुठलंही असो, त्याचं औषध एकच — तापलेला विळा. या खेपेला नाकावर.

"अन् डागानं बी न्हाई थांबलं तर?" धुरपताबाईने विचारलं.

"तर बाजार," किशनराव म्हणाला.

घोरणारा बैल बाजारात कोण घेतो, ते आम्हा तिघांनाही माहीत. धुरपताबाई पदराचं कोरडं टोक शोधत राहिली. भांडायचं राहूनच गेलं.

वद्य १

चैन नाही. वर्गात पोरांवर उगाच ओरडलो. परभणीच्या जनावरांच्या दवाखान्यात नवा सलोत्री आलाय, त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे म्हणतात. हरण्याचा शेंबूड औषधाच्या बाटलीत भरून घेतला. उद्या सकाळच्या गाडीने जाणार. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी एवढंच करायचं राहिलं होतं!

वद्य २

सलोत्री पोरसवदा. शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत. बाटली पाहून म्हणाला, "क्या मास्टर साब, अत्तर लाए?" एक थेंब काचेवर ठेवला, मला डोळा लावायला सांगितलं. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग — अंडं! विळ्यासारखं वाकडं, मधे फुगीर, टोकं निमुळती. आणि आत काहीतरी हलतंय!

अर्धं दखनी उर्दूत, अर्धं हातवाऱ्यांनी त्याने सांगितलं ते असं. किडा चपट्या किड्यांच्या कुळातला, पण अंगाने सुतासारखा. बैलाच्या नाकातल्या शिरांत बिऱ्हाड. नर आपल्या अंगाची पन्हळ करतो आणि मादीला जन्मभर त्यात धरून ठेवतो. (हे घरी वाचून दाखवणार नाही.) अंडी शेंबडातून तळ्यात पडतात. फुटली की पिल्लू गोगलगाईत शिरतं, तिथं एकाची हजारो होतात, शेपट्या फुटून पाण्यात सुटतात. आणि पाण्यात उभ्या बैलाच्या कातडीतून आत! तोंडाने नव्हे — कातडीतून!

परतताना डब्यात दोनदा पाय तपासले.

वद्य ४

व्यंकटी विळा घेऊन हजर. मी आडवा गेलो.

"नाकात किडे? तुमी पायलेत का, मास्तर?"

"अंडं पाहिलं."

"मग कोंबडी कुठं बसायलीय?"

अंगणातली सगळी हसली. दुसऱ्या कुणाच्या फजितीला मीही हसलो असतो. किशनराव मात्र हसला नाही. म्हणाला, "व्यंकटी, आठ-धा रोज थांब."

वद्य ५

सलोत्री गाडीने आला. मानेच्या शिरेत सुई दिली. अशा पाच, दिवसाआड. बैलापेक्षा किड्यावर त्याचा जीव जास्त आहे, पण येतो म्हणाला.

त्याने किशनरावाला विचारलं, "कबसे घोरता?"

"दोन वर्सं झाली असतील, साहेब. औंदा लई वाढलं."

वद्य ८

काही फरक नाही. दिवसभर भिंतीला कान लावून आहे. हिने विचारलं, वेड लागलंय का.

वद्य ११

चौथी सुई. दुपारी भिंतीपलीकडे सामसूम. आता सुखाने झोपायचं, तर आवाज का येत नाही म्हणून धडपडत उठून पाहायला गेलो! हरण्या निवांत रवंथ करत होता. तोंड मिटून.

वद्य १३

शेवटची सुई. निघताना सलोत्री बजावून गेला, "तालाब बंद. फिर गया तो फिर वही."

किशनरावाला म्हणालो, उद्या खांदमळण, पोळ्याआधीची बैलांची न्हाणी; बैल तळ्यावर नेऊ नका. घरीच धुवा. त्याने मान हलवली.

"न्हाई, मास्तर. गावाचे समदे बैल तळ्यात अन् माझा दारात? परत ते गाणं सुरू व्हायचं."

कुठलं गाणं, ते विचारावं लागलं नाही. दोन वर्षांमागं हा माझ्या आडाचं पाणी शेंदून तांब्याने बैल धुवायचा. चिखल माझ्या ओसरीवर उडायचा. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून चावडीच्या भिंतीला एक बिनसहीचा कागद चिकटवला —

तांब्याभर पाण्यात बैल न्हाला,
उरलं ते पाणी धनी प्याला!

पोरं त्याच्या दारावरून वर्षभर गात होती. माझीच शाळा. माझी ओसरी स्वच्छ झाली आणि किशनराव तळ्यावर जायला लागला. रोज, भर उन्हात, बैलाला पोटाइतक्या पाण्यात उभा करून तासतासभर घासायचा. कुणी नाव ठेवायला नको म्हणून. गावात एवढा धुतलेला बैल दुसरा नव्हता.

तळ्यात किडे गोगलगाईंनी सोडले. बैल मी सोडला.

अंगणात येरझाऱ्या घातल्या.

वद्य १४. खांदमळण

सकाळी चावडीवर गर्दी असताना हरण्याला माझ्या आडावर आणलं आणि तांब्याने धुतलं. दीड तास. येणारंजाणारं गाव हसलं — मला. पोरांनी गाणंही म्हटलं. किशनराव दावं धरून उभा होता. शेवटी हळूच म्हणाला, "गावात लिव्हणारे दोघंच, मास्तर. अन् पटवाऱ्याला तर हसूच येत न्हाई."

मी तांब्या पुन्हा भरला. मागचे पाय धुवायचे राहिले होते.