कंट्रोलमधली मुलं

ती. रुक्मिणीमावशीस,

हेमांगीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात, माझ्या कमरेचं तुला ठाऊक आहे.) नाशिकच्या थंडीत गुडघा काय म्हणतो? तुझ्या तेजसने आणलेला पट्टा बांधतेस की कपाटात ठेवून दिलास? इकडे सुजय खुशाल, रेवा खुशाल, केळीसुद्धा यंदा बऱ्या आहेत. मीच तेवढी खुशाल नाही आणि ते सांगायलाच हे पत्र. फोन का नाही केलास, असं तू विचारशील. एक तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दुसरं म्हणजे या प्रकरणातला मुख्य आरोपी फोनच आहे. तेव्हा चष्मा लाव, पाय वर घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. मला तुझ्याकडून काहीही नकोय, हे आधीच सांगून ठेवते.

मी पीएचडी करते आहे हे तू जाणतेसच. (किती वर्षं, ते विचारू नकोस, सासरची माणसं विचारतात तेवढं पुरे.) पहिला विषय मार्गदर्शकांनी मोडीत काढला, दुसरा लॉकडाऊनने खाल्ला, हा तिसरा. आमचे मार्गदर्शक आल्बर्ट सर मार्चमध्ये निवृत्त होतात. त्याआधी हातात आकडे आले नाहीत, तर त्यांच्या निरोपाच्या नारळाबरोबर माझी पीएचडीही जाणार. आणि मी ती जाऊ देणार नाही, मावशी, हे लिहून ठेव. विषय असा आहे: रोज घरच्या बोलीत गोष्ट ऐकली, तर दुसरीतली मुलं पुस्तकातलं मराठी लवकर वाचायला लागतात का? तू म्हणशील, लागणारच, यात शोधायचं काय? पण विद्यापीठात 'लागणारच' चालत नाही, सिद्ध करावं लागतं. म्हणून दिवाळीनंतर आमच्या शाळेतली दुसरीची मुलं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटली. एका गटाला मी रोज गोष्ट सांगायची. दुसऱ्याला संक्रांतीपर्यंत शाळेत नाही, घरी नाही, कुठेच गोष्ट नाही. तेवढा वेळ त्यांनी चित्रं रंगवायची. मग दोघांचं वाचन तपासून फरक बघायचा. ज्यांना गोष्ट नाही त्यांना या शास्त्रात कंट्रोल ग्रुप म्हणतात. चिठ्ठ्या मी माझ्या हाताने उचलल्या आणि आपली रेवा नेमकी कंट्रोलमध्ये गेली.

रेवाचं तर तू बघितलंच आहेस. पुस्तक उघडलं की तिला तहान लागते, पाणी दिलं की लघवीला लागते, तिथून आली की पोटात दुखतं. खरं सांगायचं तर हा विषय मला तिच्यावरूनच सुचला, आणि तिलाच रात्री गोष्ट नाही म्हणून कुशीवर वळवून झोपवायचं माझ्या जिवावर येत होतं. सुजय म्हणाला, परत टाक ना एक चिठ्ठी, कोण बघतंय? मी म्हटलं, हे संशोधन आहे, भिशी नाही.

पालकसभेत मी हे सगळं नीट समजावून सांगितलं आणि तिथेच घात झाला, कारण मी 'कंट्रोल' म्हणाले. आपल्या गावात कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, हे मी जाडजूड पुस्तकं वाचता वाचता साफ विसरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जॅक्सनची आजी मार्गारेट (चर्चच्या मागे राहते ती) रेशनकार्ड आणि दोन पिशव्या घेऊन वर्गाच्या दारात उभी. म्हणाली, "बाय, आमच्या जॅक्सनचं नाव कंट्रोलात घातलंस, बरं केलंस. पन तांदूळ कवा देनार?" तिला समजावते आहे तोवर नव्या बिल्डिंगमधली बेला नावाची एक आई आली. तिचा आवाज पार मुतारीपर्यंत ऐकू जात होता. "मॅडम, आमचं पांढरं कार्ड आहे. आम्ही कधी कंट्रोलचा गहू घरात आणला नाय, आणि तुम्ही माझ्या मुलाला डायरेक्ट कंट्रोलमध्ये टाकलं?" दुपारपर्यंत गावभर झालं की सरकारने मुलांचे दोन भाग केलेत, अर्ध्यांना गोष्टी आणि अर्ध्यांना तांदूळ. मग गोष्टीवाल्या मुलांच्या आया आल्या. आमच्या पोरांना नुसत्या गोष्टींवर का भागवता, हा त्यांचा प्रश्न. (पीएचडीच्या मुलाखतीत मला इतके अवघड प्रश्न विचारले नव्हते.) शेवटी मी गटांची नावं बदलली. 'आधीचा गट' आणि 'नंतरचा गट'. संक्रांतीनंतर नंतरच्या गटालाही सगळ्या गोष्टी सांगीन असं कबूल केलं, तेव्हा बेला शांत झाली. मार्गारेट मात्र अजून रस्त्यात भेटली की पिशवी उघडून दाखवते.

एवढं होऊनही अभ्यास चालला होता. मग गेल्या सोमवारी मधली चाचणी घेतली. चित्र दाखवायचं, मुलाने त्यावर बोलायचं, मग चार ओळी वाचायच्या. चित्रात तळं, तळ्याकाठी वाघ आणि हरीण. आधीच्या गटातल्या मुलांनी सांगितलं: वाघ आहे, हरीण आहे, पाणी आहे. (माझ्या गोष्टी आल्बर्ट सरांनी तपासून मंजूर केलेल्या आहेत. त्यांत वाघ फारसं काही करत नाही.) मग नंतरच्या गटातला पहिला मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, वाघ हरणाला म्हणतो, मेल्या, चा घेतोस का? मला वाटलं, असेल याच्या घरची पद्धत. दुसरी मुलगी उठली, तिचाही वाघ चहाच विचारतो. तिसऱ्याच्या वाघाला तर डायबिटीस, तो बिनसाखरेचा मागतो. आणि पुढच्या चार ओळी या मुलांनी घडाघडा वाचल्या. मावशी, वाघाला चहा पाजणारी बाई या तालुक्यात एकच होऊन गेली. (होऊन गेली म्हणजे नाशिकला गेली.)

एरवी मी शाळेतून दिवेलागणीला येते, त्या दिवशी लवकर निघाले. घरी येऊन बघते तर ओट्यावर चटया, चटयांवर माझा अख्खा कंट्रोल ग्रुप, मध्ये पाटावर सुजयचा जुना मोबाइल स्पीकरवर, आणि त्यातून तू. मार्गारेट पायरीवर बसून वाल सोलत होती, ते आपलेच होते. सगळं उघडकीला आलं. आईने गोष्ट बंद केली म्हणून रेवाने तुला फोन लावला, तू सांगत सुटलीस, तिने जॅक्सनला सांगितलं, जॅक्सनने सगळ्यांना. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस चुकला नव्हता. मी पुढे होऊन फोन बंद केला. मुलांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मनवेलपाड्याला सरांच्या घरी गेले. (चौथा मजला, लिफ्ट बंद, कमर तीच.) सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमचा गट दूषित झाला, हे आकडे टाकून द्या आणि पुढच्या वर्षी दुसरा मार्गदर्शक बघा. (सुजयने 'दूषित' एवढंच ऐकलं आणि घरातला फिल्टर धुऊन काढला.) म्हणजे बघ, माझं म्हणणं इतकं खरं ठरलं की त्यात माझा अभ्यास बुडाला. घरच्या बोलीतल्या गोष्टीने मुलं वाचायला लागली, पण नको ती मुलं. मला आधी रडू आलं, मग राग आला, आणि मग मी सरांच्या सोफ्यावर ठाण मांडून बसले. सांगितलं, सर, नवी शाळा द्या, नवे गट करते, मार्चच्या आत आकडे आणते, नाही आणले तर तुम्हाला तोंड दाखवणार नाही. त्यांनी नाही म्हटलं. मी बसले. त्यांच्या बायकोने दोनदा चहा केला. तिसऱ्यांदा करावा लागेल असं दिसल्यावर सर हो म्हणाले. गोखिवऱ्याच्या एका शाळेने परवानगी दिली आहे, पुढच्या सोमवारपासून सुरुवात. रोज दुपारी वसईच्या या टोकापासून त्या टोकाला रिक्षाने जाईन, कमरेचं काय व्हायचं ते होवो. आपल्या गावची मुलं आता कुठल्याच अभ्यासात नाहीत, तेव्हा त्यांना तुझ्या हव्या तेवढ्या गोष्टी सांग.

आणि एक गोष्ट तुला सांगायचीच होती. काल रेवा न्हाणीघरात फार वेळ होती म्हणून बघायला गेले. ती फिनेलच्या बाटलीवरचं मोठ्याने वाचत होती. अडखळत, पण सगळं. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला. मला तुझा खूप राग आला आहे आणि तुझे पाय धरावेसे वाटतात, दोन्ही एकदम.

तेजसला आशीर्वाद. पट्टा बांध.

तुझी,
हेमांगी

ता. क. मला तुझ्याकडून काही नकोय असं वर लिहिलं आहे, ते जरा खोडल्यासारखं समज. गोखिवऱ्याला तुझी नणंद जिजाआत्या राहते आणि तिचा नातू त्याच शाळेत दुसरीत आहे, हे मला आज कळलं. मार्चपर्यंत जिजाआत्येला फोन करू नकोस. केलास तर भावकीबद्दल बोल, शेजारणीबद्दल बोल, वाघाबद्दल बोलू नकोस. हात जोडते.

ता. क. २. सुजय म्हणतो, तू न बोलता राहशील यावर त्याचा विश्वास नाही. मी म्हटलं, माझा आहे. (नाही.)

ता. क. ३. सोमवारी मी फोन बंद केला तेव्हा तुझा वाघ पाटलांच्या घरी मुलगी बघायला गेला होता आणि चहा घेऊन मुलगी बाहेर येत होती. पुढचं मुलांनी मंगळवारी ऐकलं, मी तेव्हा सरांच्या सोफ्यावर. तेव्हापासून मला चैन नाही. शेवटी आज रेवाला विचारलं, लग्न जमलं का गं? ती बाहुलीची वेणी घालत म्हणाली, "आई, तू कंट्रोलमध्ये आहेस."