माईकवर चुकलेलं नाव

रविवार, संध्याकाळ. कुरुंदा.

छाती फुगलीय आज. क्लबचा सेक्रेटरी मी, पण आमच्या पोरींच्या फुटबॉल मॅचला त्यांच्या घरचंसुद्धा कुणी फिरकत नव्हतं. म्हणून आज भोंगा लावला. जर्सीचे नंबर नाही, घरच्यांची नावं घ्यायचं ठरवलं. पूजानं गोल मारला नि मी जोशात ओरडलो, "रामराव आबांच्या नातीचा गोल!"

चुकलंच. ती गंगाधर आबांची.

आबा शेजारच्या शेतात हळद वाळू घालून राहिले होते. तशाच पिवळ्या हातांनी तरातरा आले. पोरगी चड्डीवर खेळते म्हणून वर्षभर तिच्याशी न बोललेला माणूस! वाटलं, आता खेळ बंद पाडतात. त्यांनी माझा माईकच ओढला. "काहून रे, रामरावची म्हणतो? माझी नात हाय ती, माझी!"

अख्ख्या गावानं ऐकलं. पूजा मैदानातच थबकली. आबा मग शेवटपर्यंत बांधावर बसले. त्यांना बघून आणखी माणसं आली, बायाही आल्या.

माईकवर पिवळी बोटं उमटलीत. पुसवत नाहीत.

आता पुढच्या रविवारी कुणाचं नाव चुकवावं?