खारूचा एकतिसावा डबा

धाकटे,

सगळ्यात आधी दुकानदाराची बायको आली. तो मागून, धापा टाकत, कारण लिफ्ट बंद आणि जिने तीन. एरवी तो दर गुरुवारी एकटाच येतो, पण काल बायको म्हणे हटून बसली, "चार महिने कोणत्या म्हातारीकडे चहा ढोसून येताय, ते मला बघायचंच आहे." बघितलं तिने, आणि पुढे दोन तास उठली नाही. पण थांब, माझी गाडी नेहमीसारखी भलत्याच टोकाकडून सुटली. आधी आशीर्वाद घे. भरपूर घे, चौदा महिन्यांचे साठलेत. तुझा गुडघा काय म्हणतो? तुझ्या अहोंचा खोकला? माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त दोन्ही अंगठे दुखतात, आणि त्याचं कारण ऐकलंस तर तू आधी हसशील आणि मग मला डॉक्टरकडे न्यायला निघशील.

तर खारूची बदली झाली. (माझ्या नातवाचं खरं नाव आता त्याच्या ऑफिसातच वापरतात. घरात तो खारूच, कारण लहानपणापासून खारीसारखा वस्तू दडवायचा आणि विसरायचा.) तो लांबच्या गावी गेला आणि मागे राहिली त्याची खोली. पलंग, खुर्ची, मोठा टीव्ही, त्याला जोडलेलं गेम खेळायचं मशीन, आणि कपाटात गेमचे एकतीस डबे. एकाचंही प्लास्टिक निघालेलं नाही! फोनवर म्हणाला, "आजी, जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला बोलाव आणि देऊन टाक सगळे." मी म्हटलं, "अरे, मग घेतलेस कशाला?" तो म्हणाला, "कामावरून आलो की त्राण नसायचं गं. पण विकत घेताना असं वाटायचं की पुढे कधीतरी मोकळी संध्याकाळ असणार आहे." फोन ठेवल्यावर मी त्या कपाटासमोर जरा बसले. एकतीस मोकळ्या संध्याकाळी, घडीसुद्धा न मोडलेल्या.

आता तू जाणतेस, लाँड्रीच्या काउंटरवर मी चौतीस वर्षं काढली. आमच्या मालकांचा नियम होता, खिसा तपासल्याशिवाय कपडा पुढे जायचा नाही. खिशातून काय काय निघायचं! चाव्या, चिठ्ठ्या, एकदा तर अख्खी कवळी. हाताची ती सवय अजून गेलेली नाही. मी दुकानदाराला स्वच्छ सांगितलं, उघडून, खेळून बघितल्याशिवाय एकही डबा या दारातून बाहेर जाणार नाही. तो कळवळून म्हणाला, "आजी, नका हो, बंद डब्याला मान असतो." मी त्याच्या समोरच पहिलं प्लास्टिक टरकावलं. चेहरा असा केला त्याने, जणू मी त्याचीच कातडी सोलली.

पहिल्या दिवशी खारूने फोनवर बटणं समजावली, आणि मग मी एकटी. माझी मोठी भीती वाचायची होती. (शाळा माझी तिसरीत सुटली, तू पाळण्यात होतीस आणि तुला सांभाळायला घरात कोणी नव्हतं. हे मी कधी बोलून दाखवत नाही आणि आताही दाखवत नाहीये.) पण अगं, त्या गेममधली माणसं फार सभ्य! बोलताना खाली अक्षरं येतात, आणि आपण बटण दाबेपर्यंत बिचारी तिथेच उभी राहतात. राजा असो की राक्षस. मी अक्षराला अक्षर लावत बसते, तोवर राक्षस तलवार उगारून ताटकळतो. इतका धीर माझ्याशी आजवर कोणी धरला नव्हता.

डबे मी ज्या ओळीने कपाटात होते त्याच ओळीने घेतले. आलेलं गाठोडं मागे सारायचं नाही, हाही मालकांचाच नियम. एकात राजकन्येला किल्ल्यात डांबलेलं होतं. तिला सोडवायला निघाले तर वाटेत एक म्हातारी म्हणाली, मला तीन औषधी मुळ्या आणून दे. मग कोणाचं कोकरू हरवलेलं, कोणाचं छप्पर गळकं. लहान कामं आधी उरकावीत म्हणून मी सगळ्या गावाची कामं केली. नऊ दिवस गेले. राजकन्या खिडकीतून मधून मधून हाका मारायची. मी म्हणायची, आले गं, एवढं छप्पर होऊ दे. गाड्यांच्या शर्यतीत मी लाल दिव्याला थांबले, तर मागून येणाऱ्या सगळ्यांनी मला ठोकलं. शेवटून पहिली आले, पण नियम मोडला नाही.

खुनाच्या गेमबद्दल मात्र ऐकच. चार संशयित. एक गृहस्थ म्हणे तीन दिवस प्रवासात होते, थेट स्टेशनवरून आले. मी त्यांचा सदरा बघितला. बाहीवर इस्त्रीची ताजी, सुरीसारखी धार! तीन दिवस प्रवासात चुरगळलेला सदरा असा दिसतो होय? मी त्यांनाच धरलं, आणि तेच निघाले! खारूला फोन केला तर तो ओरडलाच, "आजी, सगळे लोक इथे रक्ताचे डाग तपासत बसतात!" मी म्हटलं, डाग धुता येतो बाळा, इस्त्री लपवता येत नाही.

प्रत्येक डब्यावर मी लाँड्रीसारखी चिठ्ठी लावून दुकानदाराला देते. 'पूर्ण झाला. शेवट गोड.' किंवा, 'लढाईचा. माझा शिपाई सहा वेळा मेला, सातव्यांदा त्याला त्रास देववेना. डाग निघाला नाही, तसाच परत.' दुकानदार सांगतो, गिऱ्हाइकं आता आधी चिठ्ठ्या वाचतात आणि मग डबा घेतात. तेव्हापासून प्लास्टिकबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

तीस झाले. एकतिसावा अडला. त्यात दोन गिर्यारोहक आहेत, कमरेला एकच दोरी बांधलेली, आणि दोघांना दोन माणसांनी खेळवायचं. मी एक रिमोट हातात घेतला आणि दुसरा पायाच्या अंगठ्याने दाबला. दोघेही दरीत. म्हणून काल दुकानदार आणि बायकोला बसवलं. तो भराभर वर चढायचा आणि ती लोंबकळत राहायची. ती म्हणाली, "लग्नापासून हेच चाललंय!" तो म्हणाला, "तू हात धरशील तर ना!" चहा गार झाला, गिर्यारोहक बावीस वेळा पडले, आणि दोघं एकमेकांशी न बोलता जिना उतरली. पिशवीसुद्धा इथेच विसरली.

ती गेल्यावर टीव्ही चालूच होता. ते दोघे गिर्यारोहक पायथ्याशी दोरी सैल सोडून उभे, कोणी येतंय का बघत. आणि धाकटे, मला तुझ्या लेकीचं नवं घर आठवलं. मी टीव्हीच्या रिमोटला हात लावला आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "राहू दे ताई, तुला नाही कळायचं." मी चहा न घेता उठले. चौदा महिने ते एकच वाक्य मी उलगडतेय आणि परत घडी करून ठेवतेय. काल खिसा तपासावा तसं ते नीट तपासलं. आत काही निघालं नाही गं. तू दमली होतीस, पाहुणे होते, आणि रिमोट मी खरंच उलटा धरला होता.

असो. घरात लहानथोर सगळ्यांना माझी आठवण सांग. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लाव.

तुझी,
ताई

ता.क. हे पत्र मी एकटीने लिहिलंय, कोणाला विचारलं नाही. चुका असतील. तू शाळेत शिकवायचीस म्हणून लाल पेन उचलू नकोस.

ता.क. दुसरा. तुला बोलवायला म्हणून लिहिलेलं नाही. गेम खेळायला तर मुळीच नाही. पण दुसरा रिमोट चार्जिंगला लावलाय, आणि तू विसरलेला जुना चष्मा काचा पुसून टीव्हीजवळ ठेवलाय. जिने तीन आहेत, पण मी पहिल्या जिन्यावर खुर्ची ठेवायला वॉचमनला सांगितलंय.

ता.क. तिसरा. वर चढताना तू पुढे हो. लहानपणी मी तुला पुढेच ठेवायची, म्हणजे पडलीस तर माझ्यावर पडायचीस. बुधवारपर्यंत जमव, कारण डबा झाला असो वा नसो, गुरुवारी देईन असा शब्द दिलाय आणि चौतीस वर्षांत ठरल्या दिवशी मी कोणाला रिकाम्या हाताने पाठवलेलं नाही. दुकानदाराचा सकाळी फोन होता. बायकोशी बोलणं सुरू झालंय, आणि डबा व पिशवी न्यायला दोघंही गुरुवारी चार वाजता येणार आहेत.