ध्रुवाकडची टेकडी आणि तांदळांवरचे नाव

फणसवाडी, पौष शुद्ध पंचमी, शके १८१७

दक्षिण ध्रुवाकडची ती पांढरी टेकडी आज वाचनालयातल्या नकाशात पाहिली, तेव्हापासून डोळ्यांपुढून हलत नाही. नाव दिले आहे विलायतेतल्या कुणा लॉर्डाचे. तो तिकडे फिरकलाही नसेल! उद्याच्या व्याख्यानात यावरून साहेबाला झोडपणार होतो. जेवताना बायकोला तेच तावातावाने सांगितले.

"अहो, लग्नात तांदळांवर माझं नवं नाव लिहिलंत, तेव्हा मला कुठे विचारलंत?" असे म्हणून ती चुलीकडे वळली.

घास हातातच राहिला. उद्या कोणत्या तोंडाने बोलू? आणि ती टेकडी... नाव पडण्याआधी बर्फात किती निवांत उभी असेल.

बारा वर्षांत प्रथमच हिला माहेरच्या नावाने हाक मारली, "द्वारका."

तिने मागे पाहिले नाही. हातातली पळी मात्र थांबली.