नवसाचा डावा हात

सान पेद्रो दे माकोरीस,
१४ नोव्हेंबर १९७६

चि. नेफ्तालीस,

ओबदुलियाताईचे अनेक आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद मागायचा असतो हे तू हल्ली विसरतोस, म्हणून मी आगाऊच देऊन टाकले.

इकडे सगळं ठीक आहे. साखर कारखान्याचा भोंगा परवापासून सुरू झाला, आणि पोती शिवून माझ्या बोटांची चाळण व्हायलाही सुरुवात झाली. प्लासिदोने सलूनमधला तुझा फोटो हलवून आरशाच्या वर टांगला होता, आल्ताग्रासिया देवीच्या तसबिरीपेक्षा वीतभर उंच. मी त्याला म्हटलं, खाली घे, नाहीतर तुझ्याच वस्तऱ्याने तुझ्या मिश्या उतरवीन. निमूटपणे घेतला.

सप्टेंबरात शेवटचे तीन आठवडे रेडिओवर तुझं नाव नव्हतं. तुला विश्रांती दिलीय असं निवेदक म्हणत होता. सव्वीस वर्षांच्या घोड्याला कसली रे विश्रांती? जेवत नसशील. नाहीतर कुणीतरी गोरी भेटली असेल. काय असेल ते खरं कळव.

एकवीस जानेवारी लक्षात आहे ना? सतराव्या वर्षी तू विमानात बसलास, त्याच दिवशी मी इग्वेयला जाऊन देवीला बोलले होते: याला अमेरिकेतल्या बेसबॉलच्या वरच्या लीगमध्ये पोचव, मग हा खेळतोय तोवर दर वर्षी तुझ्या सणाला आपल्या गावासाठी चेंडू टाकील. तिने पोचवलं. चार वर्षं तूही शब्द राखलास. गावाला वाटतं तू गावासाठी येतोस, तर वाटू दे बापडं. आईने आपल्या भावाच्या, होनासच्या, तापात नवस बोलला आणि फेडायचा म्हटल्यावर ऊसतोडणी संपेपर्यंत थांबली. आठ महिन्यांचं पोर आपण घालवलं. तेव्हापासून देवीला तारीख चुकवायची माझी छाती नाही.

आणि हो, तुझा हा डावा हात शाळेतल्या सिस्टर रेमेदियोसने बाकाला बांधून ठेवला होता, उजव्याने लिहायला शीक म्हणून. मी भर वर्गात घुसून गाठ सोडली, म्हणून आज तू पिचर आहेस. हे मी प्रत्येक पत्रात सांगते, यातही सांगितलं.

माया आहेच, ती आणखी काय लिहायची. कोट घालत जा.

तुझी,
ओबदुलियाताई


टँपा, फ्लोरिडा,
२ डिसेंबर १९७६

ती. प्लासिदोकाकांस,

नेफ्तालीचा सा. न. वि. वि.

काका, हे पत्र सलूनमध्ये वाचू नका. घरी न्या, आणि वाचून झालं की चुलीत घाला. ताईला यातलं काही सांगणार नाही, एवढा शब्द मला द्या.

ताईला मी लिहिलंय की क्लबने इंग्रजी शिकायला इथे ठेवून घेतलंय. खरं तसं नाही. डाव्या कोपराच्या आतला बंध झिजून दोऱ्याएवढा राहिलाय. डॉक्टर म्हणाले, मार्चपर्यंत चेंडूला हात लावायचा नाही. विश्रांती दिली तर कदाचित आणखी काही वर्षं निघतील. त्याआधी एक सामना जरी जोर लावून खेळलास तर तुटेल, आणि तुटला की संपलं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी विचारलं, फक्त पाच डाव? ते म्हणाले, एकही नाही.

तुम्ही सहा वर्षं माझे चेंडू झेललेत. या हाताशिवाय मला दुसरं काही येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. ताईला सांगितलं तर ती एक तर मला अडवील आणि वर्षभर मी होनाससारखा मरायची वाट बघत बसेल, नाहीतर अडवणार नाही आणि ते तिला आयुष्यभर खाईल. दोन्ही माझ्याच्याने बघवणार नाही. तुम्ही पाद्रीबाबांना जाता जाता, कुणाचंही नाव न घेता विचाराल का, की असा नवस पुढे ढकलता येतो का?

काकूंना नमस्कार. मिश्या शाबूत आहेत ना?

आपला,
नेफ्ताली


सान पेद्रो दे माकोरीस,
२० डिसेंबर १९७६

चि. नेफ्ताली,

अनेक आशीर्वाद. पत्र चुलीत गेलं. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांचे कान थोडक्यात वाचले.

पाद्रीबाबांना विचारलं. म्हणाले, दुसऱ्याच्या अंगावर बोललेला नवस देवी काही मानेवर बसून वसूल करत नाही. बदलून घेता येतो. पण ज्याने बोलला त्यानेच येऊन मागायला हवं. म्हणजे ओबदुलियानेच. तेव्हा सांग तिला. मी सांगू का? दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो. पहिल्या दिवशी ती तुझा गणवेश इस्त्री करत होती. दुसऱ्या दिवशी मला बघून म्हणाली, काय रे, तोंड का असं सुतकी? मी म्हटलं, दात दुखतोय. तिने लवंग दिली. चघळत परत आलो.

गावात सामन्याची तिकिटं संपली. खुर्चीत बसणारा प्रत्येक माणूस मला विचारतो, नेफ्ता कधी येतोय? मी साबण जास्त लावतो, म्हणजे त्यांना बोलता येत नाही. तू शब्द घेतलास म्हणून गप्प आहे. तो परत दे, एवढंच मागणं आहे.

घरच्या सगळ्यांची आठवण.

तुझा,
प्लासिदोकाका


सान पेद्रो दे माकोरीस,
९ फेब्रुवारी १९७७

चि. नेफ्ता,

आशीर्वाद देते, पण आता माझा आशीर्वाद घ्यावा की नाही ते तूच ठरव.

परत निघताना विमानतळावर तू पेटी उजव्या हातात घेतलीस आणि मला मिठी मारताना ती खाली ठेवून पुन्हा उजवाच हात पुढे केलास. आदल्या दिवशी कुस्करलेल्या केळ्यांचं मांगूही उजव्यानेच खात होतास. सामन्यात सहाव्या डावाला तुझा चेंडू झेलणाऱ्याच्या डोक्यावरून थेट मागच्या जाळीत गेला, आणि तू हसून टोपी उडवलीस. लोकांना वाटलं गंमत केलीस. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. नेफ्ता, मीही वाजवल्या.

तुला सोडून आले ती सरळ प्लासिदोच्या खुर्चीत बसले. म्हटलं, सांगितल्याशिवाय उठणार नाही. गिऱ्हाइकं परत गेली. शेवटी तो रडायला लागला आणि सगळं बाहेर आलं. अख्ख्या गावाच्या भानगडी चव्हाट्यावर मांडणाऱ्या या माणसाने जन्मात एकच गोष्ट पोटात ठेवली, आणि नेमकी तीच सांगायला हवी होती.

पाद्रीबाबांकडे गेले. ते म्हणाले, एक मेणबत्ती आणि इग्वेयपर्यंत पायी चालणं, एवढ्यावर सुटला असता. एवढ्यावर! मी गुडघ्यांवर गेले असते रे. तू मला विचारलं का नाहीस? मी काय वाघ आहे? हो, असेन. मीच तर दर पत्रात तारीख लिहीत होते.

काल इग्वेयला जाऊन आले. देवळाबाहेर पत्र्याचे हात, पाय, डोळे विकतात ना, तिथे डावा हात मागितला. बाईने ताट उपसलं. सगळे उजवे. म्हणाली, साचा एकच आहे, देवीला कळतं. शेवटी उजवाच घेऊन लाल फितीने देवीपुढच्या जाळीला बांधला. आपल्यासाठी काय मागायचं हेच कळेना. तशीच उभी राहिले. मागचे लोक पुढे सरका म्हणाले तेव्हा सरकले.

डॉक्टर काय म्हणतात ते खरं लिही. आता माझ्यापासून लपवण्यासारखं काही उरलं नाही.

तुझी,
ताई


टँपा,
१८ मार्च १९७७

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आशीर्वाद मागतो आहे. विसरलो नाही.

अक्षर बघून घाबरू नकोस. या चार ओळींना सकाळपासून दुपार झाली. डावा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये आहे. बंध पूर्ण तुटला होता. शिवला आहे. पेला उचलता येईल म्हणतात. चेंडू नाही. क्लबचं पत्र मंगळवारी आलं, माझं सामान खोक्यात भरून पाठवलं. पुढच्या आठवड्यात घरी येतो.

तू मला विचारलंस, का सांगितलं नाही. मला भीती वाटली. देवीची नाही, तुझी पण नाही. खेळू का विचारलं तर तू हो म्हणशील याची.

काकांना रागावू नकोस. गोड घेवड्याची खीर ठेव. ती कुठल्याही हाताने खाता येते.

देवळातला उजवा हात तिथेच राहू दे. सिस्टर रेमेदियोस अजून असतील तर त्यांना सांग, नेफ्ताली उजव्या हाताने लिहायला शिकला.

तुझा,
नेफ्ता