तीन माणसांत दोन भात

आत्या, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी भांडायचं माझं राहूनच गेलं आहे. सासू म्हणून तुम्ही मला कधी छळलं नाही, हे आधीच लिहून टाकते, नाहीतर तुम्ही तिथूनही नाक मुरडाल. माझं भांडण तांदळाचं आहे.

कालव्याच्या ऑफिसात तुमच्या मुलाला कारकुनी लागली आणि आपण तिघं इंदापूरकडचं गाव सोडून बारामतीत दोन खोल्यांत आलो. गावाकडं ज्वारीची भाकरी रोजची आणि भात सणाचा. इथं मात्र रोज रात्री भात शिजू लागला, कारण आता आपण नोकरदार. तेव्हा रंगूनचा तांदूळ दुकानांत आला होता, तुम्ही त्याच्याकडं ढुंकूनही पाहायच्या नाहीत. तुम्हाला मावळातला आंबेमोहर हवा, तोही वर्षभर जुना. चिमूटभर तळहातावर चोळायच्या, हुंगायच्या, मग एक दाणा दाताखाली धरायच्या. कट्‌कन तुटला तरच पिशवी पुढं करायच्या. आणि एवढा पारखून आणलेला तांदूळ शिजायचा लहान पातेल्यात, एकट्या मुलापुरता. आपल्या दोघींची कणी मोठ्या पातेल्यात. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणालात, "बाईच्या जातीला जिभंचं लाड शोभत न्हाईत. पोट भरलं म्हंजी झालं." ते मला पटलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही.

मग तुमचा गुडघा सुजला आणि बाजाराला मी एकटी गेले. आंबेमोहर आणि कणी आणायला सांगितलं होतं तुम्ही. मी त्यातलं एकही आणलं नाही. कोळंबा आणला, हातसडीचा, साधा, तिघांनी रोज खावा असा. तुम्ही पिशवीत हात घातला, एक दाणा चावला आणि म्हणालात, "नवा हाय. आपल्या दोघींस्नी चालंल. डब्यात आंबेमोहर हाय थोडा, त्यो त्याला."

माझं डोकंच फिरलं. मी अख्खी पिशवी डब्यातल्या आंबेमोहरावर ओतली आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळली.

तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही नुसतं सूप मागितलं. कणी असती तर चाळता आली असती, पण हे दोन्ही अख्खे दाणे. दुपारभर तुम्ही दारातल्या उजेडात बसला आहात, सुजलेला पाय लांब करून, आणि मुलासाठी एकेक दाणा वेगळा काढता आहात. मी समोर बसले आहे आणि मदत करत नाही. मूठभर जमला की मी तो उचलून परत डब्यात टाकते. तुम्ही पुन्हा सुरू करता.

"तुझ्या अंगात आलंय का गं?"

"व्हय, आलंय," मी म्हणाले. "आत्या, आंबेमोहराचा भात तुमी ताटभर कवा खाल्ला?"

तुम्ही सुपातला पुढचा दाणा वेगळा काढलात. मग म्हणालात, "चव ठाव हाय मला."

"दाण्याची ठाव हाय. भाताची इचारते मी."

तुम्ही सूप माझ्याकडं सरकवलंत आणि भिंतीला टेकलात.

त्या रात्री एकच पातेलं चढलं. जुना आणि नवा एकत्र शिजत नाही, हे तुम्हाला माहीत होतं, मला कळलं झाकण काढल्यावर. निम्मा गिच्च, निम्मा टचटचीत. तुमचा मुलगा आमटी कालवून निमूट जेवला आणि हात धुवून उठला. त्याला काहीच कळलं नाही. ज्याच्यासाठी तुम्ही आयुष्यभर दाणे चावले, त्याला काहीच कळलं नाही, आत्या. मग मी तुमचं ताट वाढलं, शिगोशीग. पहिला घास घेऊन म्हणालात, "पार इस्कोट केलास." आणि सगळं खाऊन ताट पुन्हा माझ्यापुढं धरलंत.

त्यानंतर या घरात दोन पातेली चढली नाहीत. तुमच्या तेराव्याला भावकी म्हणाली, म्हातारीच्या नैवेद्याला तरी आंबेमोहर आणा. मी तिथंच सांगितलं, त्या रोज खायच्या तोच शिजेल. लोक नावं ठेवून गेले. ठेवू देत. तुमची नातसून येईल तिलाही मी हेच सांगणार आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. वर्षातून एकदा, तुमच्या तिथीला, मी मूठभर जुना आंबेमोहर रोजच्या कोळंब्यात मिसळते. भात दर वेळी बिघडतो. तुमच्या मुलाला अजूनही कळत नाही. मी दोनदा वाढून घेते.